व्हिगन सोल फूड खायला जाताना : अमेरिकेच्या दक्षिणेत नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेल्या शाकाहारी मराठी माणसाची जेवणाच्या बाबतीत मोठी कोंडी होते. येथील पारंपरिक उपाहारगृहांच्या मेन्यूवर चवळी, भेंडी, पालेभाजी, रताळी, मक्याच्या पिठाचे पदार्थ असे पुष्कळ काही ओळखीचे दिसते. पण चौकशी केली की पालेभाजी डुकराच्या हाडासोबत शिजवली आहे, चवळीत धुरावलेले मांस आहे आणि भात कोंबडीच्या पाण्यात केला आहे, असे कळते. त्यामुळे अनेक जण वर्षानुवर्षे येथे राहूनही भारतीय हॉटेल, पिझ्झा आणि बरिटो यांच्यापलीकडे जात नाहीत आणि ज्या प्रदेशात राहतात त्या प्रदेशाची चव त्यांना कधीच कळत नाही.

या कोंडीतून सुटण्याचा उत्तम मार्ग म्हणजे व्हिगन सोल फूडची उपाहारगृहे. तेथे मांस, मासे, अंडी, दूध, लोणी यांपैकी काहीच वापरले जात नाही, त्यामुळे प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी न करता पूर्ण ताट निर्धास्तपणे मागवता येते. दूध चालते पण अंडे चालत नाही, अशी आपल्याकडील अनेकांची स्थिती असते. त्यांना तर अमेरिकेत इतके निश्चिंतपणे केक, पाय (गोड सारण भरून भाजलेली पारी) आणि पुडिंग खाण्याची संधी क्वचितच मिळते. माझे वास्तव्य जॉर्जिया राज्यातील अटलांटा परिसरात असल्यामुळे पुढील उदाहरणे तिकडची अधिक आहेत, पण पद्धत सर्वत्र जवळपास सारखीच आहे.

१. हे अन्न कोणाचे आहे, ते आधी समजून घ्यावे

सोल फूड हे दक्षिणेतील आफ्रिकी-अमेरिकी समाजाचे अन्न आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर राबणाऱ्या माणसांना शिधा म्हणून मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस आणि काकवी मिळत असे. त्यात त्यांनी स्वतःच्या लहानशा वाफ्यांतील भाज्यांची आणि आफ्रिकेतून या भूमीत आलेल्या भेंडी, चवळी, तीळ यांसारख्या पिकांची भर घातली. पुढे साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, ओकलंड अशा शहरांत गेले आणि त्यांच्यासोबत हे जेवणही गेले. ‘सोल फूड’ हे नाव रूढ झाले ते १९६० च्या दशकात, कृष्णवर्णीयांच्या आत्मसन्मानाच्या चळवळीच्या दिवसांत.

त्याची मांसविरहित शाखा ही अलीकडची फॅशन आहे, असा गैरसमज करून घेऊ नये. नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते आणि विनोदकार डिक ग्रेगरी यांनी १९६० च्या दशकातच मांसाहार सोडला होता आणि त्याचे कारण त्यांनी अहिंसेच्या तत्त्वातच सांगितले होते : माणसाला मारायचे नसेल तर प्राण्यालाही मारू नये. त्याच दशकात, १९६७ मध्ये, शिकागोतील आफ्रिकन हिब्रू इस्रायलाइट्स या समुदायातील काही कुटुंबे अमेरिका सोडून आधी लायबेरियात आणि १९६९ पासून इस्रायलमध्ये जाऊन राहिली. हा समुदाय पूर्णपणे वनस्पतिजन्य आहार घेतो. शिकागोच्या दक्षिण भागातील पंचाहत्तराव्या रस्त्यावरचे आणि अटलांटाच्या वेस्ट एंड भागातील ‘सोल व्हेजिटेरियन’ ही उपाहारगृहे याच समुदायाने उभी केली. आज जिला आपण व्हिगन सोल फूड म्हणतो त्या पाकपद्धतीची घडण मोठ्या प्रमाणात अशा स्वयंपाकघरांत झाली आहे.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. या ठिकाणी आपण एका समाजाच्या घरच्या जेवणाला जात असतो. ‘आमच्याकडे चवळीची उसळ याहून चमचमीत असते’ अशी तुलना यजमानांसमोर करत बसण्यापेक्षा ते ती कशी करतात, हे विचारावे. ते फार आपुलकीने सांगतात.

२. जाण्यापूर्वी जवळ काय असावे

फारसे काही लागत नाही, पण पुढील गोष्टींवाचून गैरसोय होते.

– हॅपीकाऊ हे अॅप किंवा नकाशाचे अॅप. हॅपीकाऊवर पूर्ण व्हिगन, शाकाहारी आणि केवळ काही पर्याय असलेली ठिकाणे वेगवेगळी दाखवलेली असतात.
– डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, आणि फूड ट्रकवर किंवा जत्रेतील स्टॉलवर जाणार असाल तर थोडी रोकड.
– मद्य घेणार असाल तर वय सिद्ध करणारे ओळखपत्र. नव्याने आलेल्यांकडे राज्याचे ओळखपत्र नसते, तेव्हा पासपोर्ट लागतो.
– सोया, गहू, काजू किंवा शेंगदाणे यांची अॅलर्जी असल्यास ती इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. ही गोष्ट दुय्यम मानू नये. त्याचे कारण चौथ्या टप्प्यात येईल.

निघण्यापूर्वी दूरध्वनी अवश्य करावा. ही बहुधा कुटुंबाने चालवलेली लहान उपाहारगृहे असतात. त्यांच्या वेळा बदलतात, काही सोमवारी बंद असतात, आणि नकाशाच्या अॅपवरील माहितीपेक्षा त्यांच्या इन्स्टाग्रामवरील त्या दिवशीची नोंद अधिक भरवशाची असते. रविवारी दुपारी चर्च सुटल्यानंतर मोठी गर्दी होते. उशिरा गेल्यास मॅक अँड चीज (चीज घातलेली मॅकरोनी) आणि पीच कॉबलर (पीच फळांचा भाजलेला गोड पदार्थ) संपलेले असण्याची शक्यता बरीच असते.

३. ठिकाण कोणत्या प्रकारचे आहे, ते ओळखावे

पहिला प्रकार पूर्ण व्हिगन सोल फूडचा. अटलांटाचे सोल व्हेजिटेरियन, बाल्टिमोरमध्ये २०११ साली सुरू झालेले ‘द लँड ऑफ कुश’, वॉशिंग्टनचे ‘नूव्हिगन कॅफे’, न्यू ऑर्लीन्समधील ‘स्वीट सोलफूड’ ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. नवख्या माणसाने सुरुवात येथूनच करावी.

दुसरा प्रकार व्हिगन बर्गरच्या दुकानांचा. अटलांटात २०१८ मध्ये पिंकी कोल यांनी सुरू केलेले ‘स्लटी व्हिगन’ हे त्यातले सर्वांत गाजलेले. तेथील बर्गर जरूर खावा, पण सोल फूडचे ताट मिळेल या अपेक्षेने तेथे जाऊ नये, कारण तो बेतच निराळा आहे.

तिसरा प्रकार म्हणजे नेहमीचे, मांसाहारी सोल फूड उपाहारगृह, ज्याच्या मेन्यूवर काही पदार्थांपुढे हिरवे पान काढलेले असते. त्याविषयी सहाव्या टप्प्यात सविस्तर लिहिले आहे.

४. मेन्यू वाचायला शिकावे

ताटाची रचना ठरलेली असते : एक मुख्य पदार्थ, दोन किंवा तीन जोडपदार्थ आणि कॉर्नब्रेडचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या पावाचा, तुकडा. नवीन माणसाचे सगळे लक्ष मुख्य पदार्थाकडे जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की, सोल फूडचा जीव जोडपदार्थांत आहे, आणि पहिल्या खेपेस चार जोडपदार्थांचे ‘व्हेजिटेबल प्लेट’ मागवणे हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय ठरतो.

त्यांत पहिले स्थान कोलार्ड ग्रीन्सचे. ही कोबीच्याच कुळातील, पण गड्डा न धरणारी, जाड पानांची भाजी असून काश्मिरी हाकशी तिचे जवळचे नाते आहे. ती आपल्या पालेभाजीप्रमाणे पाच-दहा मिनिटांत परतून होत नाही. मंद आचेवर बराच वेळ शिजते, तेव्हा पाने मऊ होतात आणि खाली गडद हिरवा, किंचित कडसर रस उतरतो. या रसाला पॉट लिकर म्हणतात. पूर्वापार पद्धतीत त्यातला धुराचा स्वाद मांसातून येतो. व्हिगन स्वयंपाकी तो धुरावलेली पाप्रिका, लिक्विड स्मोक म्हणजे धुराच्या स्वादाचा द्रव, भरपूर कांदा-लसूण आणि व्हिनेगर यांतून आणतात. टेबलावर हिरव्या मिरच्या घातलेली व्हिनेगरची बाटली असते, तिचे चार थेंब भाजीवर शिंपडावेत, आणि कॉर्नब्रेडचा तुकडा मोडून त्या रसात बुडवून खावा. येथील जुनी माणसे असेच खातात आणि तो रस वाटीत मागून घेण्यात कोणालाही संकोच वाटत नाही.

ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपली चवळीच. तांदळासोबत शिजवली की तिला हॉपिन जॉन म्हणतात आणि १ जानेवारीला ती वर्षभराच्या भाग्यासाठी, तर सोबतची पालेभाजी पैशाच्या बरकतीसाठी खाण्याची प्रथा आहे. त्या दिवशी जायचे असल्यास आगाऊ मागणी नोंदवावी.

कॅन्डीड यॅम्स हा पदार्थ रताळ्यांचा असतो. नारिंगी गराची रताळी साखर, दालचिनी, जायफळ यांत शिजवतात आणि ती जेवणासोबतच वाढतात, गोड पदार्थ म्हणून शेवटी नव्हे. तिखट-खारट भाजीच्या शेजारी इतके गोड काही वाढलेले पाहून नवख्याला गोंधळल्यासारखे होते. पण पुरणपोळीसोबत कटाची आमटी खाणाऱ्यांना हा मेळ जमायला वेळ लागू नये.

मॅक अँड चीज हा सर्वांत कठीण व्हिगन पदार्थ आहे आणि कोणत्याही स्वयंपाकघराची पारख त्यावरूनच करावी. चांगला असेल तर तो भट्टीत भाजलेला असतो, वड्या पाडल्यासारखा चौकोनी कापता येतो, वरचा थर तांबूस आणि कडक, आतला भाग मऊ. त्यातील चीज म्हणजे बहुधा भिजवून वाटलेले काजू किंवा सोयाचे दूध आणि न्यूट्रिशनल यीस्ट नावाची पिवळी, चीजसारख्या खमंग चवीची पूड. अॅलर्जीची चिठ्ठी येथे कामाला येते. काजू न दिसणाऱ्या पदार्थांत काजू असतात, आणि मांसासारख्या दिसणाऱ्या पदार्थांत गहू किंवा सोया हमखास असतो.

आता मुख्य पदार्थांविषयी. मेन्यूवर चिकन, रिब्ज, फिश अशी नावे दिसतील. त्यांचे स्पेलिंग मुद्दाम बदललेले असते आणि त्यावरूनच ते मांस नाही, हे समजायचे. चिकन म्हणून मिळणारा तळलेला पदार्थ सोयाचा, गव्हाच्या ग्लुटेनपासून केलेल्या सेटानचा किंवा धिंगरी अळिंबीचा असतो. बार्बेक्यू बहुधा सेटानचा किंवा कच्च्या फणसाचा असतो. मासा म्हणून टोफू किंवा चक्क केळफूल समुद्री शेवाळाचा स्वाद देऊन तळतात. सोल व्हेजिटेरियनमध्ये ‘केलबोन’ नावाचा त्यांचा स्वतःचा गव्हाचा पदार्थ मिळतो. जन्मापासून मांस न खाल्लेल्या अनेकांना सेटानचा तंतुमय, चिवट पोत अस्वस्थ करतो, आणि घरून आलेल्या आई-वडिलांना तर तो खरेच मांसाचा नाही हे पटवणे अवघड जाते. त्यांच्यासाठी तळलेली अळिंबी किंवा फ्लॉवर मागवावा, किंवा मुख्य पदार्थ पूर्ण वगळावा.

गोडात पीच कॉबलर, रताळ्याचा पाय आणि बनाना पुडिंग यांपैकी एक दोघांत पुरते. स्वीट टी हा थंडगार चहा फारच गोड असतो. ‘हाफ अँड हाफ’ म्हटल्यास निम्मा बिनसाखरेचा देतात. दक्षिणेत काही ठिकाणी याच शब्दांचा अर्थ चहा आणि लिंबाचे सरबत असाही होतो, म्हणून ‘हाफ स्वीट, हाफ अनस्वीट’ असे पूर्ण म्हणावे.

५. मागणी कशी नोंदवावी

पुष्कळ ठिकाणी काउंटरवर उभे राहून मागणी द्यावी लागते. काचेमागे वाफेवर गरम ठेवलेली भांडी ओळीने मांडलेली असतात आणि वाढणारी व्यक्ती डाव घेऊन वाट पाहत असते. येथे भांड्यांकडे बोट दाखवून थेट पदार्थांची नावे उच्चारणे उद्धटपणाचे मानले जाते. आधी ‘हाउ आर यू डुइंग टुडे’ असे विचारावे, उत्तर ऐकावे, वयाने मोठ्या व्यक्तीला ‘मॅम’ किंवा ‘सर’ म्हणावे. त्यांनी आपल्याला ‘बेबी’ किंवा ‘हनी’ म्हटले तर गोंधळून जाऊ नये; दक्षिणेत ते मायेचे संबोधन आहे आणि आपल्याकडच्या ‘बाळा’इतकेच निर्मळ आहे.

मग ‘इट्स माय फर्स्ट टाइम हिअर’ असे मोकळेपणाने सांगावे. चव पाहायला चमचाभर देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण मागे रांग असताना सर्व भांड्यांची चव मागू नये. वाढप मोठे असते. दोघांत एक ताट आणि एक जादा जोडपदार्थ घेतल्यास पोट भरते.

कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : जवळपास प्रत्येक तिखट-खारट पदार्थात त्यांची पूड असते आणि आयत्या वेळी ती काढता येत नाही. पाहुण्यांत जैन मंडळी असल्यास त्यांना तेथे फारसे काही खाता येणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

तिखटपणाची चिंता करू नये. चव मिरपूड, लाल मिरची आणि पाप्रिकेची असते, पण आपल्या मानाने सौम्य. टेबलावर हॉट सॉस असतोच. मीठ मात्र बरेच असते, त्यामुळे रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी सांभाळून खावे.

६. नेहमीच्या सोल फूड उपाहारगृहात जावेच लागले तर

कार्यालयातील सहकाऱ्यांसोबत असा प्रसंग येतोच. सर्वाधिक फसगत येथे होते, त्यामुळे हा भाग नीट वाचावा.

‘इज इट व्हेजिटेरियन?’ हा प्रश्न विचारू नये. दक्षिणेत भाजी ही भाजीच मानली जाते, मग ती कशातही शिजवलेली असो, आणि वाढणारी व्यक्ती प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणते. मेन्यूवरील व्हेजिटेबल प्लेटमध्ये मॅक अँड चीजसुद्धा भाजी म्हणून मोजले जाते. त्याऐवजी ‘व्हॉट डू यू सीझन द ग्रीन्स विथ?’ असे विचारावे. उत्तरात हॅम हॉक, नेक बोन, फॅटबॅक, बेकन यांपैकी काही आले तर ते डुकराचे मांस किंवा चरबी आहे.

याहून फसवे उत्तर म्हणजे ‘नो पोर्क’. आरोग्यासाठी किंवा धर्मासाठी डुकराचे मांस सोडलेले ग्राहक खूप असल्यामुळे अनेक ठिकाणी त्याऐवजी धुरावलेली टर्की घालतात. ‘नो पोर्क’ म्हणजे मांस नाही, असा अर्थ मुळीच होत नाही.

इतर सापळेही ध्यानात ठेवावेत. कॉर्नब्रेड आणि बिस्किटांत (येथे बिस्किट म्हणजे मऊ, छोटा पाव) ताक, अंडी किंवा लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते, आणि पायच्या पारीतही लार्ड असू शकते. रताळ्यांवर मार्शमेलो पसरलेले असल्यास त्यात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन असते. वुस्टरशर सॉस घातलेल्या बार्बेक्यू सॉसमध्ये बहुधा अँचोव्ही मासा असतो. भात, ग्रेव्ही आणि ग्रिट्स (मक्याच्या रव्याची लापशी) यांच्यासाठी कोंबडीचे पाणी वापरले आहे का, ते विचारावे. तळलेली भेंडी पूर्ण शाकाहारी वाटते, पण ती बहुधा कॅटफिश आणि कोंबडी तळलेल्या तेलातच तळली जाते. शिवाय तिच्या आवरणात अंडे किंवा ताक असू शकते. लुईझियानात ‘गंबो झर्ब’ नावाचे, निरनिराळ्या पालेभाज्यांचे हिरवे गंबो, म्हणजे दाट रस्सा, मिळते आणि नावावरून ते शाकाहारी वाटते, पण त्यात सॉसेज आणि हॅम घालण्याची रीत आहे. न्यू ऑर्लीन्सचा सोमवारचा ठरलेला बेत असलेल्या राजमा-भातातही सॉसेज असते.

सगळ्या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर वाद न घालता उकडलेला मका, काकडी-टोमॅटोचे सॅलड, फळे यांवर ती वेळ निभावून न्यावी. घाईच्या वेळी काउंटरवरील व्यक्तीकडून स्वयंपाकाचा पूर्ण तपशील मिळवण्याचा हट्ट धरल्यास चुकीचे उत्तर मिळण्याचीच शक्यता वाढते.

७. बिल, कर आणि टिप

मेन्यूवरील किमतीत कर धरलेला नसतो. अटलांटा शहरात तो ८.९ टक्के आहे. इतर शहरांत दर वेगळे आहेत. टेबलावर वाढणारे असतील तर १८ ते २० टक्के टिप द्यावी. ही खुशीची बक्षिसी नव्हे. टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने द्यावयाचे केंद्रीय किमान रोख वेतन १९९१ पासून तासाला केवळ २.१३ डॉलर आहे आणि जॉर्जियातही तेच लागू आहे, त्यामुळे वाढणाऱ्याची खरी मिळकत टिपेतूनच होते. काउंटरवरून स्वतः ताट उचलून नेल्यास पडद्यावर टिपेचे आकडे आले तरी ती ऐच्छिक असते. अशा कुटुंबाच्या उपाहारगृहात मी ती देतो. सहा किंवा अधिक जण असल्यास बिलात टिप आधीच जोडलेली आहे का, ते पाहावे, नाहीतर ती दोनदा दिली जाते.

८. उरलेले घरी नेताना

अन्न उरल्यास डबा मागण्यात काहीही कमीपणा नाही. कोलार्ड ग्रीन्स आणि चवळी दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली लागतात. त्यांच्यासोबत पॉट लिकरही बांधून मागावा आणि दोन्ही मंद आचेवर गरम करावीत. मॅक अँड चीज मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास काजूचे चीज फुटून तेल सुटते, त्यामुळे चमचाभर ओट किंवा सोयाचे दूध शिंपडून, वर झाकण ठेवून ओव्हनमध्ये ३५० अंश फॅरेनहाइटला गरम करावे. कॉर्नब्रेड तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकावा. तळलेली अळिंबी मात्र तेथेच खाऊन संपवावी, कारण डब्यातल्या वाफेने तिचे आवरण ओले होते आणि नंतर काही केल्या कुरकुरीत होत नाही.